मेलॅमीन-लेपित फलक

मेलॅमीन रेझीन मुरविलेला शोभिवंत कागद उष्णता व दाब यांच्या साहाय्याने ज्याच्या पृष्ठावर कायमचा बसविलेला असतो, अशा कृत्रिम लाकडी फलकास मेलॅमीन-लेपित फलक म्हणतात. बाजारात तो ‘प्रीलॅम’ या नावाने ओळखला जातो. रंग वा पॉलिश लावावे लागत नसल्याने घरच्या घरी कपाटे तयार करण्यास तो सोयीचा असतो.

मेलॅमीन हे संयुग यूस्टुस फोन लीबिख यांनी १८३४ मध्ये प्रथम तयार केले. फॉर्माल्डिहाइडाशी त्याची विक्रिया होऊन बनणारे रेझीन तापविल्यावर कायमचे कठीण होते. त्यामुळे लेपावर पाणी, डाग व ओरखडे यांचा परिणाम सहसा होत नाही. मात्र हा गुण लेपाचा आहे, गाभ्याचा नव्हे. कापलेल्या कडेतून ओल शिरल्यास गाभा फुगतो व वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. म्हणून निवड करताना रंगापेक्षा गाभा व कडा यांना महत्त्व द्यावे लागते.

गाभ्याचे प्रकार : कणफलक (पार्टिकल बोर्ड) स्वस्त असतो, परंतु त्याच्या कडेत स्क्रू घट्ट बसत नाहीत. मध्यम घनतेचा तंतुफलक (एमडीएफ) एकजीव असून त्याची कड स्वच्छ कापली जाते. मात्र तो जड असतो. ओट्याखालील खणांसाठी जलरोधक प्लायवुड महाग असले, तरी अधिक सुरक्षित ठरते. लेपित कणफलकासाठी १९९० मध्ये आयएस १२८२३ हे भारतीय मानक ठरविण्यात आले. खरेदीच्या वेळी त्याची खूण पहावी. फॉर्माल्डिहाइड वायू कमी सोडणारा ‘ई-१’ वर्गाचा फलक घ्यावा.

मापे व जोडणी : फलक सामान्यतः ८ × ४ फूट मापाचे असतात. कपाटाच्या बाजू व फळ्या यांसाठी १८ मिमी. जाडी पुरते. दर फुटामागे भार तोच ठेवून आधारांमधील अंतर दुप्पट केल्यास फळी सोळापट वाकते. म्हणून हे अंतर सु. ६० सेंमी.पेक्षा वाढवू नये. प्रत्येक उघड्या कडेस पीव्हीसीची पट्टी चिकटवावी.

जळगाव जिल्ह्यातील पारोळ्यासारख्या गावी कडक, कोरड्या उन्हाळ्यामागून दमट पावसाळा येतो. एकाच बाजूस लेप असलेला फलक अशा हवेत वाकडा होण्याचा संभव असतो. तेथे दोन्ही बाजूंस लेप असलेला फलक घ्यावा. ओल व वाळवी टाळण्यासाठी कपाट पायांवर, भिंतीपासून किंचित दूर ठेवावे.

खानदेशात कापसाचे पीक मोठे असून वेचणीनंतर पऱ्हाट्या बहुधा जाळल्या जातात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांपासून कणफलक बनविण्याची पद्धत विकसित केली आहे.