बंब कोणत्या वाटेने येईल?

आग लागली की आपण १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करतो आणि बंबाची वाट पाहतो. बंब उशिरा पोहोचला तर बोल जवानांना लागतो. पण फोन आणि पाण्याचा पहिला फवारा यांच्यामध्ये शहरातील रस्त्यांचे जाळेही असते. हे जाळे बंबाला कोठे साथ देते आणि कोठे अडवते, ते अहिल्यानगर शहराच्या (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) उदाहरणावरून पाहू या.

मुळात मिनिटांना इतके महत्त्व का? आगीची सुरुवातीची वाढ वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात होते, असे गणितासाठी धरतात. मध्यम वेगाने वाढणारी आग ५ मिनिटांत सुमारे १ मेगावॉट, म्हणजे १ किलोवॉटच्या हजार शेगड्यांइतकी उष्णता देऊ लागते. जळण आणि हवा पुरेशी असेल, तर १० मिनिटांनी ती दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच शहरी भागात ५ ते ७ मिनिटांत मदत पोहोचावी, असा मापदंड आपल्या देशात सुचवलेला आहे.

आता वेगाचा विचार करू. बंब ताशी ३० किलोमीटर वेगाने गेला, तर ५ मिनिटांत अडीच किलोमीटर जाईल. गर्दीमुळे वेग निम्मा झाला, तर सव्वा किलोमीटरच जाईल. अंतर निम्मे झाले. पण केंद्राभोवतीचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे ५ मिनिटांत पोहोचता येईल असा भाग एक चतुर्थांशच उरतो.

मग केंद्रे वाढवली तर? न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचा अभ्यास करताना कोलेसार आणि ब्लम या संशोधकांनी १९७३ साली एक सोपा नियम मांडला. बंबाला कापावे लागणारे सरासरी अंतर हे क्षेत्रफळाला केंद्रांच्या संख्येने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे अंतर निम्मे करायचे तर केंद्रे चौपट हवीत! तो खर्च कोणत्याही नगरपालिकेला जड जाईल. तेव्हा आहे ते रस्ते मोकळे ठेवणे हाच स्वस्त उपाय ठरतो.

नगर शहराची स्थापना पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने केली. माळीवाडा वेस, दिल्ली दरवाजा ही नावे जुन्या तटबंदीची आठवण देतात. कापड बाजार, दाळमंडई, आडते बाजार हा भाग माणसे, घोडे आणि बैलगाड्या यांच्या मापाने वाढला. बंबाचे माप वेगळे असते. मोठा बंब सुमारे अडीच मीटर रुंद आणि आठ मीटर लांब असतो. समजा, रस्ता ६ मीटर रुंद आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना मोटारसायकली आडव्या लावल्या आहेत. मोटारसायकल साधारण २ मीटर लांब असते. मध्ये किती जागा उरली? फक्त २ मीटर. नकाशात रस्ता आहे, पण बंबापुरता तो नाही.

वळणाचा प्रश्न आणखी कठीण असतो. पुठ्ठ्याचा ८ सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद तुकडा कापा. कागदावर काटकोनात वळणारी, ४ सेंटिमीटर रुंदीची गल्ली आखा आणि तुकडा सरकवत वळवून पाहा. तो अडकतो. गल्ली ५ सेंटिमीटरची केली की तो निसटतो. खऱ्या बंबाला पुठ्ठ्यासारखे बाजूला सरकता येत नाही, म्हणून त्याला याहूनही जास्त जागा लागते.

बंब बाहेरच थांबला तर नळी आत न्यावी लागते. नळीचा एक तुकडा १५ मीटरचा धरला, तर दीडशे मीटरसाठी दहा तुकडे जोडावे लागतील. त्यात वेळ जातोच, शिवाय नळी जितकी लांब तितका घर्षणाने पाण्याचा दाब अधिक घटतो. या अडचणीवर उपाय म्हणून काही शहरांत छोट्या गाड्या आणि मोटारसायकलीवर बसवलेले फवारे वापरतात.

रुंदीइतकेच महत्त्व जोडणीला आहे. कोनिग्सबर्गच्या पुलांचे कोडे सोडवताना ऑयलरने १७३६ साली एक युक्ती वापरली. जमिनीचे भाग आणि पूल यांना त्याने फक्त अक्षरांनी दाखवले; आज जमिनीचे भाग म्हणजे बिंदू आणि पूल म्हणजे रेषा असे मानतात. आपणही चौकांना बिंदू आणि रस्त्यांना रेषा मानू या. जाळे एकसंध असेल, तर रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून १ मिळवला की स्वतंत्र वळशांची संख्या मिळते. हे उत्तर शून्य आले, तर कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये एकच वाट आहे. ती अडली की पुढचा सगळा भाग तुटला! सीना नदीला पूर आल्यावर नगर-कल्याण रस्त्यावरचा जुना पूल पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबल्याचे प्रसंग घडले आहेत. अशा वेळी दुसरा पूल असणे म्हणजे जाळ्यात एक वळसा जास्त असणे. तो वळसा लांबचा असला, तरी पलीकडचा भाग तुटत नाही.

रस्ता मोकळा असला की काम संपले, असे मात्र नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्णांचे प्राण गेले. ज्यांना स्वतः उठून चालता येत नाही, त्यांच्यासाठी ५ मिनिटेही फार असतात. तेथे धूर ओळखणारी यंत्रणा, आपोआप सुरू होणारे फवारे, मोकळे जिने आणि सराव झालेले कर्मचारी यांनीच पहिली मिनिटे सांभाळायची असतात.

मुंबई गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात प्राण गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. परीक्षांच्या गडबडीतही त्या आठवड्यात एक तास काढता येईल. विद्यार्थ्यांनी शाळेभोवतीच्या रस्त्यांचा नकाशा काढावा, टेपने रुंदी मोजावी, उभ्या वाहनांसह उरणारी रुंदी वेगळी लिहावी आणि वळसे मोजावेत. शाळेच्या फाटकातून बंब आत येईल का, हेही तपासावे. एकच वाट असलेली ठिकाणे लाल रंगाने दाखवून त्या नकाशाची एक प्रत महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राला द्यावी.