बोलींचा मुलूख : आयर्लंडचा 'त' आणि 'ट'

गेल्या आठवड्यात आपण स्कॉटलंडमध्ये होतो. आता मधला चिंचोळा समुद्र ओलांडून आयर्लंडला येऊ. आयरिश माणूस 'थ्री'ला 'ट्री' म्हणतो, ही थट्टा इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. माझ्या मते यात दोष बोलणाऱ्याच्या जिभेचा नाही, ऐकणाऱ्याच्या कानाचा आहे. मराठी वाचकाला हे चटकन पटेल, कारण 'त' आणि 'ट' आपण लहानपणीच वेगळे गिरवलेले असतात.

'थ्री'चा इंग्रजी उच्चार करताना जीभ दातांजवळ येते आणि हवा घासत बाहेर पडते. आयरिश भाषेत हा ध्वनीच नाही. तिच्यातला जाड 'त' मात्र आपल्या 'त'सारखा, जीभ थेट दातांना टेकवून निघतो. इंग्रजी बोलायची वेळ आली तेव्हा आयरिश लोकांनी तोच कामाला लावला. म्हणून त्यांचं 'तीन' होतं 'त्री' आणि झाड राहतं 'ट्री'. फरक स्वच्छ आहे, पण त-ट वेगळे ऐकायची सवय नसलेल्या इंग्रज कानाला दोन्ही सारखेच वाटतात. डब्लिनच्या जुन्या कामगार वस्त्यांत आणि कॉर्ककडे मात्र हा फरक बऱ्याच जणांच्या बोलण्यातून खरोखर पुसला गेला आहे.

आयरिश वळणाच्या या इंग्रजीचं मूळ बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकात आहे. १८४५ पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली आणि जवळपास तेवढ्यांनीच देश सोडला. सर्वाधिक झळ बसली ती पश्चिमेच्या आयरिशभाषक गरिबांना. मागे उरलेल्यांनी पोटासाठी मुलांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली, तीही स्वतःला नुकतीच, अर्धीमुर्धी आलेली. तिच्या आत आयरिश शाबूत राहिली. 'फिल्म'चं 'फिलम' होतं, कारण आयरिशमध्ये ल किंवा र यांच्यापुढे म आला की मध्ये स्वर शिरतो. 'निळा' या अर्थाचा 'गॉर्म' तिथे 'गॉरम' असाच ऐकू येतो. 'आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग' म्हणजे 'मी नुकताच जेवलोय'. ही रचना सरळ आयरिशमधून उचललेली आहे. नवख्या इंग्रजाला मात्र हा माणूस जेवणाच्या मागे लागलाय असं वाटतं. पी. डब्ल्यू. जॉइस यांनी १९१० साली या इंग्रजीवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि तिला बिघडलेली न मानता आपली मानलं, याचं मोल मला फार वाटतं.

पण 'आयरिश उच्चार' नावाची एकच एक गोष्ट नाही. उत्तरेला अल्स्टरमध्ये सतराव्या शतकात स्कॉटिश वसाहतवाले आले, त्यामुळे गेल्या भागातले शब्द तिथे पुन्हा भेटतात : होकाराला 'आय', मुलाला 'वेन' आणि जिथे तिथे 'वी', म्हणजे छोटंसं. बेलफास्टकडे साधं विधानही सूर वर चढवून संपतं, त्यामुळे परक्याला तो प्रश्न वाटतो. दक्षिणेला कॉर्कमध्ये बोलणं हेलकावे घेत चालतं. तिथे मित्राला 'बॉय' म्हणताना 'बाय' म्हणतात आणि मूर्खाला 'लँगर'. डब्लिनमध्ये 'डेडली' ही शाबासकी असते आणि घर म्हणजे 'गॅफ'. डब्लिनकर गावाकडच्यांना 'कल्ची' म्हणतात, तर गावाकडचे त्यांना 'जॅकीन'. खुद्द डब्लिनमध्येही दुफळी आहे : १९८४ साली सुरू झालेल्या 'डार्ट' या लोकल गाडीचं नाव दक्षिणेकडच्या सुखवस्तू उपनगरांत 'डॉर्ट' झालं, आणि त्या अख्ख्या बोलण्यालाच लोक 'डॉर्टस्पीक' म्हणू लागले.

कॉर्कची पोरं पुरुषाला 'फीन' आणि बाईला 'ब्योर' म्हणतात. हे शब्द आले ते आयरिश ट्रॅव्हलर या भटक्या समाजाच्या 'शेल्टा' बोलीतून. या समाजाला स्वतंत्र वांशिक गट म्हणून सरकारी मान्यता मिळायला २०१७ साल उजाडलं. त्यांच्या बोलीविषयी पुढच्या आठवड्यात.