साठ पानांची पंगत

लग्नाच्या टेबलावर सजावट कुठे करायची, हे वाढपी ठरवतो. आपल्याकडे टेबल-खुर्चीची पंगत मांडली तरी जेवणारे टेबलाच्या एकाच बाजूला बसतात. समोरची बाजू वाढप्यांची. बादली आणि ओगराळं घेऊन ते समोरून येतात, टेबलावर वाकतात आणि पानात वाढतात, आणि हे एकदा नाही, चटणी-कोशिंबिरीपासून शेवटच्या ताकभातापर्यंत चालू असतं. टेबलाच्या मधोमध फुलांचा उंच गुच्छ आणि भोवती मेणबत्त्या असा फोटो मोबाइलवर दाखवणारी नवरी प्रत्येक मोसमात भेटतेच. मी तिला रिकाम्या टेबलापाशी नेते, वाढप्याच्या जागी उभी करते आणि म्हणते, आता वाकून भाताची मूद घालून दाखव. तिचा हात गुच्छावर आपटतो. मग आम्ही दोघी मिळून सजावटीची जागा शोधायला लागतो.

जागा फार नसते. केटररकडची टेबलं साधारण सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद. मोठ्या लग्नात एका टेबलाला चार जण बसवतात, म्हणजे माणशी दीड फूट, आणि तेवढी जागा केळीचं पानच घेतं. लग्न घरगुती असेल तर तीनच बसवता येतात. दोन पानांच्या मध्ये अर्धा फूट सुटतो. त्यातही वरच्या कोपऱ्यात पाण्याचा पेला आणि मठ्ठ्याची वाटी. उरलेल्या पट्टीत काय ते आमचं काम, आणि तेही चार बोटांपेक्षा उंच नको, नाहीतर वाढप्याच्या बाहीला अडकतं.

अशी घरगुती लग्नं पेण-रोह्याकडे पूर्वीही होत होती, पण त्यांच्याकडे जरा कमीपणाने पाहिलं जायचं. २०२० साली सरकारने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा घातली, २०२१च्या एप्रिलमध्ये तर पंचवीसच माणसं आणि दोन तास. सक्ती उठली, पण काही घरांना त्या लग्नांतली निवांत जेवणं आठवत राहिली. गेल्या वैशाखात रोह्याचं जे लग्न आम्ही केलं, ते अशाच घरातलं. हॉल नाही, कुंडलिकेच्या अंगाला असलेल्या वाडीत घरापुढे मांडव. साठ पानं, तीस-तीसच्या दोन पंगती. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका ऐन उन्हाळ्यातही वाहती असते, त्यामुळे वाडी हिरवी होती आणि केळीची पानं घरचीच मिळणार होती. बाकी सगळं पेणहून न्यायचं होतं.

पेणहून न्यायचं ते सामान, आणि मावशी. मावशी गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतात. पेणला हे काम बारमाही चालतं आणि वैशाखात तर कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. त्यांना दोन दिवसांसाठी सोडवून आणणं हेच मोठं काम होतं. पण टेबलावरची महिरप त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून तशी येत नाही.

महिरपीचा प्रश्न असा. जमिनीवरच्या पंगतीत पानाभोवती रांगोळी घालत. टेबलावर तीच रांगोळी घातली की पंखा लावल्याबरोबर दगडाची पूड पानात. त्यामुळे दगडी रांगोळी मी टेबलावर घालू देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. मधल्या काळात थर्माकोलच्या कापीव महिरपी निघाल्या. मखरं कापणाऱ्या हातांना ते सोपंच होतं. २३ मार्च २०१८च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत थर्माकोलची सजावटही आली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. जेवणाच्या पानाला थर्माकोलचे कण चिकटलेले मी पाहिले आहेत. मण्यांच्या, लेसच्या तयार महिरपी सुंदर असतात, पण त्या विहिणीच्या ताटाभोवती शोभतात. तीस पानांना त्या लावल्या की आमटीचे डाग धुता धुता पुढची लग्नं येतात.

आम्ही करतो ते असं. टेबलावर पाण्याचा हात फिरवून खाकी कागदाचा ताव अंथरायचा, म्हणजे तो टेबलाला धरून बसतो आणि पान सरकत नाही. मात्र त्यावरचं चित्र आदल्या दिवशीच काढून वाळवलेलं असतं. तांदूळ भिजवून गंधासारखे वाटायचे, त्यात डिंकाचं पाणी थोडंसं घालायचं, आणि कुंचल्याने रेखायचं. ओलं असताना काहीच दिसत नाही, कागद नुसता भिजल्यासारखा वाटतो. वाळत जाईल तशी पांढरी रेघ वर येते. म्हणजे काढणाऱ्याला आपण काय काढतोय ते न दिसता काढावं लागतं.

मावशी घरच्या पडवीत मांडी घालून बसल्या. पुढे पाट, पाटावर कागद. आधी एक केळीचं पान कागदावर ठेवून त्याच्या कडेने नखाने खूण केली, पान उचललं. मग कुंचला बुडवला, वाटीच्या काठावर एकदाच निपटला आणि डावीकडच्या टोकापासून सुरुवात केली. मनगट टेकलेलं नव्हतं. फक्त करंगळीचं टोक कागदावर, आणि त्या टोकावर सगळा हात फिरत होता. कमान चढताना कुंचला आडवा, उतरताना उभा, त्यामुळे रेघ चढावर जाड आणि उतारावर बारीक. कमान संपेपर्यंत त्यांनी श्वास घेतलेला मला दिसला नाही. एक कमान झाली की श्वास, पुन्हा कुंचला वाटीत. "डोळ्याची वरची पापणी हीच की," त्या म्हणाल्या. कमानींच्या आत त्यांनी आंब्याची कुयरी काढली, वरच्या बाजूला मात्र काहीच नाही. तिथे मीठ, लिंबू, चटणी यायची, वाढप्याचा हात तिथूनच यायचा. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. पंगतीत वाढलेली बाई आहे, तिला पान कसं भरतं ते माहीत असतं.

पानांचं सांगायला हवं, कारण माझ्या मते टेबलाची खरी सजावट पानच आहे, आणि त्याच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. वैशाखातल्या वाऱ्याने पानं चिरफाळलेली असतात, म्हणून घराच्या आडोशाच्या केळी निवडल्या. पानं पहाटे काढली. उन्हं चढल्यावर काढलेलं पान दुपारपर्यंत कडेने वळतं. एका पानाला टोकाचा भाग एकच. तो मानाच्या पानासाठी बाजूला ठेवायचा, बाकीचे तुकडे मधल्या शिरेवरून कापायचे. टोकाच्या पानाची मागची शीर जाड असते. जमिनीवर तिचं काही वाटत नाही, पण टेबलाच्या गुळगुळीत फळीवर पान त्या शिरेवर डोलतं आणि वालाचं बिरडं एका बाजूला वाहत येतं. म्हणून ती शीर मागून सुरीने तासायची, आरपार न जाता. घरच्या काकूंनी चुलीच्या धगीवर एकेक पान नुसतं दाखवून घेतलं. त्याने पान मऊ पडतं, घडी घातली तरी चिरत नाही. मग ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसून, थर लावून ओल्या धोतरात गुंडाळून ठेवली.

फुलांच्या बाबतीत वैशाख कठोर असतो. मोगरा संध्याकाळी उमलतो तो दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या मुहूर्तापर्यंत कडेने तांबडा पडतो. अनंत पिवळा होतो. झेंडू टिकतो, पण पानाशेजारी त्याचा उग्र वास मला आवडत नाही. म्हणून पट्टीत फुलं कमी आणि फळं जास्त घेतली. पेणच्या बाजारात कातकरी, ठाकर बाया करवंदं, जांभळं घेऊन बसतात; ती घेतली. रातांबे त्या दिवसांत पिकलेले असतात, त्यांचा लाल रंग खाकी कागदावर फार उठून दिसतो. आंब्याची दोन पानं, त्यावर एक रातांबा, बाजूला चार करवंदं देठासकट. मोगऱ्याच्या बंद कळ्या होत्या, त्या केळीच्या सोपटाने बांधून शेवटच्या क्षणी ठेवायच्या. टाचणी आणि स्टेपलरची पिन जेवणाच्या टेबलाच्या आसपास आणायचीच नाही, हा आमचा पक्का नियम. झालरसुद्धा दोऱ्याने टाचलेली. उदबत्तीही लोक बसण्याआधी फिरवून विझवायची. मसालेभाताचा वास उदबत्तीने झाकावा, हे मला पटत नाही.

सामान घेऊन टेम्पो नागोठण्यावरून निघाला. भिसे खिंडीतल्या वळणांवर रातांब्यांची पाटी मांडीवर घेऊन बसावं लागतं, एकमेकांवर घासले तर साल फुटते.

साठ माणसांच्या लग्नात एक सोय असते, जी पाचशेच्या लग्नात कुणी विचारतही नाही. कोण कुठे बसणार, हे घरच्यांना माहीत असतं. आदल्या रात्री काकूंनी यादी वाचली. नवऱ्यामुलाचे मामा डावखुरे, म्हणून त्यांचा पेला डाव्या हाताला. तेवढ्यासाठी शेजारच्या दोन्ही पट्ट्या बदलल्या. आजोबांची चाकाची खुर्ची रांगेच्या टोकाला, तिथलं टेबल चार विटांनी उचललं. मग गजऱ्यांवर गाडी आली. बायकांच्या प्रत्येक पानाशी एक गजरा ठेवायचा होता. दोन पानांपाशी काकू थांबल्या. नवरीची आत्या आणि नवऱ्यामुलाची आजी, दोघीही नवऱ्यामागे राहिलेल्या. मी काही बोलले नाही, ते घर माझं नव्हतं. नवरी मात्र तिथेच बसून कळ्या निवडत होती. "आत्याने मला केस विंचरायला शिकवलं," ती म्हणाली, आणि दोन गजरे वाढवून मोजले. काकूंनी यादीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी आजींनी गजरा हातात घेतला, वास घेतला आणि सुनेकडे डोकं वळवून माळून घेतला. हे टेबलावर ठेवलेलं नसतं तर कुणी उठून त्यांच्या हातात दिलं असतं का, याची मला शंका आहे. टेबल मांडणाऱ्याच्या हातात एवढं असतं.

विहिणीची पंगत याच पहिल्या पंगतीत, मधल्या टेबलावर. तिथे टोकाची पानं नाहीत, चांदीची ताटं. घरातला जुना चौरंग टेबलाऐवजी मांडायचा विचार होता, पण विहीणबाईंचे गुडघे दुखत होते. म्हणून टेबलच, त्यावर मावशींनी वेगळी काढलेली दुहेरी महिरप. समई टेबलावर ठेवली नाही. दोन पावलं मागे, पदराच्या वाऱ्याबाहेर. पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडं ताटात न ठेवता आंब्याच्या पानांवर बाहेर ठेवली, कारण ताटात ती कोशिंबिरीने नरमतात. विहीण म्हणायला दोन आज्या उभ्या राहिल्या. जिलबीचा आग्रह झाला, नाही नाही म्हणत घेतलीही गेली.

दोन पंगतींच्या मध्ये दहा-बारा मिनिटं मिळतात. पानं मिटून गोळा केली ती गोठ्याकडे, कागद गुंडाळून सरळ खड्ड्यात. कागदही कुजतो आणि तांदळाची रेघही. करवंदं पोरांनी केव्हाच उचलली होती. टेबल पुसलं, पाण्याचा हात, नवा कागद, धोतराच्या गुंडाळीतून ताजी पानं, राखून ठेवलेले रातांबे. दुसऱ्या पंगतीला उरलंसुरलं मिळालं असं वाटता कामा नये, म्हणून फळं आणि कळ्या आधीच निम्म्या वेगळ्या काढाव्या लागतात.

वाढपी, आचारी, भांडी घासणाऱ्या बाया आणि आम्ही, अशी शेवटची पंगत तीन वाजता बसली. तिच्यासाठी मावशींनी चार कागद जास्तीचे काढले होते. वाढायला नवरीचे दोन्ही भाऊ होते आणि त्यांना ओगराळं धरायची सवय नव्हती. बिरडं कागदावर सांडलं, महिरपीची एक कमान विरघळली. आचाऱ्याने भात पुढे ओढून मठ्ठा मागितला.