पुरुष व्यावसायिक टेनिसमधील त्रिसत्ता (२००३-२०२३) आणि महाराष्ट्राचा अनुभव

प्रस्तावना :
२००३ च्या विम्बल्डनपासून २०२३ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेपर्यंत पुरुष एकेरीच्या ८१ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्यांपैकी ६६ विजेतेपदे तिघांनीच मिळविली : स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर (२०), स्पेनचा राफेल नदाल (२२) आणि सर्बियाचा नोव्हाक जोकोविच (२४). उर्वरित सर्व खेळाडूंच्या वाट्याला १५ विजेतेपदे आली. हे वर्चस्व केवळ प्रतिभेचे फलित होते, की स्पर्धांच्या रचनेचाही त्यात वाटा होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्चस्वाची कारणे :
पहिले कारण मैदानांचे. १४ ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या पीट सॅम्प्रसला फ्रेंच स्पर्धेच्या लाल मातीवर एकदाही विजेतेपद मिळाले नाही. या तिघांनी मात्र चारही स्पर्धा जिंकल्या. २००१ पासून विम्बल्डनच्या हिरवळीसाठी केवळ राय गवत वापरले जाऊ लागले. चेंडू अधिक उंच उसळू लागला आणि सर्व्हिस करून जाळीकडे धावणाऱ्यांचा लाभ घटला. रॅकेटच्या पॉलिएस्टर तारांमुळे चेंडूला अधिक फिरकी देता येऊ लागली. परिणामी मागील रेषेवरून खेळणाऱ्यास सर्व मैदानांवर एकच पद्धत उपयोगी पडू लागली.

दुसरे कारण मानांकनाचे. २००१ च्या विम्बल्डनपासून ग्रँड स्लॅममध्ये १६ ऐवजी ३२ मानांकने देण्यात येऊ लागली. त्यामुळे मानांकित खेळाडूंची परस्परांशी गाठ तिसऱ्या फेरीपूर्वी पडत नाही. शिवाय पाच सेटच्या सामन्यात बलाढ्य खेळाडूला सावरण्यास अवधी मिळतो.

तिसरे कारण गुणांचे. क्रमवारी मागील ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर ठरते. ग्रँड स्लॅम विजेत्यास २००० गुण मिळतात, तर सर्वात खालच्या श्रेणीच्या एटीपी स्पर्धेतील विजेत्यास २५०. जो वर आहे, त्यालाच पुढील स्पर्धेत अनुकूल मानांकन लाभते.

महाराष्ट्राचा अनुभव :
२५० गुणांची अशी एक स्पर्धा चेन्नईहून २०१८ साली पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात आली. २०२१ चा अपवाद वगळता ती २०२३ पर्यंत तेथे झाली. जिल सिमॉन, केव्हिन अँडरसन, यिरी व्हेसेली, जोआओ सूसा आणि टॅलन ग्रिकस्पूर हे तिचे एकेरीतील विजेते. त्रिसत्तेतील एकही खेळाडू पुण्यात उतरला नाही.

तथापि अशा स्पर्धा निरर्थक नसतात. स्टॅन वावरिंकाने जानेवारी २०१४ मध्ये चेन्नईत विजेतेपद मिळविले आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली. चेन्नईचे विजेते वावरिंका व मारिन चिलिच यांनी पुढे उपरोक्त १५ पैकी चार विजेतेपदे पटकाविली. पुण्यात रोहन बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह दुहेरीचे विजेतेपद मिळविले. पुण्याच्या अर्जुन कढेला २०१८ मध्ये वाइल्ड कार्डमुळे स्वतःच्या शहरात मुख्य फेरी खेळता आली. यजमान खेळाडूंना मिळणारी ही संधी स्पर्धेबरोबरच जाते.

निष्कर्ष :
फेडरर २०२२ मध्ये आणि नदाल २०२४ मध्ये निवृत्त झाले. तरीही सत्ता विखुरली नाही. २०२४ व २०२५ मधील आठही ग्रँड स्लॅम यानिक सिनर आणि कार्लोस अल्काराझ या दोघांनीच जिंकल्या. व्यक्ती बदलल्या, तरी रचना तीच राहिली, असे यावरून म्हणता येते. प्रतिभेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मात्र प्रतिभेला पहिली पायरी हाताशी असावी लागते. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यास व्यावसायिक क्रमवारीचा पहिला गुण मिळविण्यासाठी जिल्ह्याबाहेर प्रवास, निवास आणि प्रशिक्षण यांचा खर्च पेलावा लागतो. म्हणून क्रीडाशिक्षणात विजेत्यांच्या चरित्रांबरोबर या पायऱ्यांचाही अभ्यास व्हावा आणि प्रारंभिक श्रेणीच्या स्पर्धा मराठवाड्यात नियमित भरविण्याचा विचार व्हावा, असे प्रतिपादन येथे करावेसे वाटते.