घरातील जाळ्याचा पहारेकरी

मोठ्या इमारतीच्या एका भागात लागलेली आग दुसऱ्या भागात पसरू नये, म्हणून मध्ये जाड भिंत बांधतात. तिला फायरवॉल म्हणतात. संगणकाच्या जगात हेच नाव एका पहारेकऱ्याला मिळाले आहे. घरात इंटरनेट आणणाऱ्या राउटरमध्ये आणि बहुतेक संगणकांत हा पहारेकरी असतो.

इंटरनेटवरील माहिती लहान लहान तुकड्यांतून प्रवास करते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट कोठून आले आणि कोणत्या 'पोर्ट'वर जायचे आहे, हे त्यावर नोंदलेले असते. पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांक दिलेले दरवाजेच होत. फायरवॉल या नोंदी तपासते. घरातून कोणी माहिती मागितली असेल, तर तिचे उत्तर ती आत येऊ देते. न बोलावता आलेले पॅकेट मात्र बाहेरच अडवते.

पहारा असला तरी किल्ली दारालाच लटकत असेल, तर उपयोग काय? २०१६ साली याचा प्रत्यय आला. 'मिराई' नावाचा घातक प्रोग्राम इंटरनेटवर उघडी पडलेली उपकरणे शोधत असे आणि कारखान्यातून ठरवून आलेले सुमारे ६० पासवर्ड त्यांना लावून पाहत असे. अशा रीतीने लाखो कॅमेरे व राउटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांतून 'डाइन' या अमेरिकी कंपनीवर मारा झाला आणि ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे अनेकांसाठी काही तास बंद पडली. आपल्या घरातला कॅमेरा या माऱ्यात सामील आहे, याची बहुतेक मालकांना कल्पनाही नव्हती.

म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. बाहेरून राउटर चालवण्याची सोय गरज नसल्यास बंद ठेवावी. उत्पादकाने दिलेल्या सुधारणा वेळोवेळी घ्याव्यात.

कधी कधी पहारेकरी घरच्यांनाही अडवतो. नवा प्रिंटर चालत नाही, म्हणून काही जण फायरवॉलच बंद करून टाकतात. बिजागरी कुरकुरते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे हे आहे. त्याऐवजी क्रमाने तपास करावा. प्रिंटर चालू आहे का आणि तो घरातील त्याच जाळ्याला जोडला आहे का, हे आधी पाहावे. नंतर संगणकाने त्या जाळ्याची नोंद कशी केली आहे, ते तपासावे. विंडोजमध्ये घरचे जाळे 'सार्वजनिक' म्हणून नोंदले गेले असेल, तर आसपासची उपकरणे अडवली जाऊ शकतात. ते 'खासगी' केल्यावर अडचण बहुधा दूर होते. रेल्वे स्थानकावरील जाळे मात्र 'सार्वजनिक'च ठेवावे. तरीही काम न झाल्यास केवळ त्या प्रोग्रामला परवानगी द्यावी. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहून ठेवावा, म्हणजे चूक झाल्यास मागे फिरता येते.

पहारा देणे हे यंत्राचे काम आहे. कोणते दार कोणासाठी उघडायचे, हे मात्र घरातल्या माणसानेच ठरवायचे असते.