बेगलच्या दुकानातली रांग आणि न लिहिलेले रिव्ह्यू



पेट पास झाल्यावर विषय शोधताना सगळ्यात आधी डोक्यात काय येतं? "ऑनलाइन डेटा आहेच की, तो घेऊ, मोजू, झालं!" माझ्याही डोक्यात हेच आलं होतं. आज त्याचीच गोष्ट सांगते, कारण गेल्या महिन्यात तुमच्यापैकी तिघांनी मला जवळपास असाच आराखडा वाचायला पाठवला.

माझी आतेबहीण जर्सी सिटीत राहते. रविवारी सकाळी ती नदीपलीकडे न्यूयॉर्कला जाऊन एका गाजलेल्या दुकानातून बेगल आणते. बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला गोल पाव. पण तो भट्टीत जाण्याआधी उकळत्या पाण्यात टाकतात. त्यामुळे वरच्या थरातला स्टार्च शिजतो, साल घट्ट आणि चकचकीत होते, आतला भाग फार फुगत नाही आणि पाव चिवट लागतो. न्यूयॉर्कच्या लोकांचा या पावावर इतका जीव आहे की चांगला बेगल कुठला, यावर मित्रांमध्ये भांडणं होतात. तिने फोटो पाठवला, तर रांग दुकानाबाहेर फुटपाथवर. मला वाटलं, विषय सापडला! 'लोकप्रिय दुकानातील ग्राहकांचा अनुभव'. अशा दुकानांचे रिव्ह्यू वाचायचे, स्टार मोजायचे, शब्द मोजायचे आणि अनुभव कसा आहे ते सांगायचं.

महिनाभर वाचले. मग आरआरसीच्या आधीच्या तालमीत माझ्या गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "अगं, तुझ्या बहिणीने रिव्ह्यू लिहिलाय का?"

नव्हता लिहिला. दोन वर्षं ती दर रविवारी जातेय आणि एक ओळही लिहिलेली नाही. माझा आराखडा तिथेच बसला. का बसला, ते आता नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट : लिहिणारे म्हणजे सगळे ग्राहक नव्हेत

रिव्ह्यू हा सर्व्हे नाही. सर्व्हेत आपण माणसं निवडतो, रिव्ह्यूत माणसं स्वतःला निवडतात. आणि माणूस लिहायला कधी बसतो? फार खूश झाला तर, नाहीतर फार चिडला तर. "ठीक होता, नेहमीसारखाच" हे लिहायला कोण फोन काढणार?

नान हू, पॉल पावलू आणि जी झांग यांनी २००९ साली हेच दाखवलं. ऑनलाइन रेटिंगचा आलेख बऱ्याचदा इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो : पाच स्टारचा खांब सगळ्यात उंच, एक स्टारचा त्याहून लहान आणि मधली जागा खोलगट. पण त्यांनी प्रयोगात सहभागी झालेल्या सगळ्यांनाच मत द्यायला लावलं, तेव्हा मधला भाग फुगला. म्हणजे 'जे' हा आकार वस्तूच्या दर्जामुळे नाही, कोण लिहितं आणि कोण गप्प बसतं यामुळे आला होता.

अशा आकाराची सरासरी काढून "ग्राहक साधारण समाधानी आहेत" असं लिहिलं, तर ते वाक्य कोणाबद्दल आहे? जे मत फारसं कोणी दिलेलंच नाही, त्याबद्दल.

दुसरी गोष्ट : रांगेतून निघून गेलेला माणूस

गप्प बसणाऱ्यांतही दोन प्रकार आहेत. एक माझ्या बहिणीसारखे, खाऊन गप्प. दुसरे म्हणजे रांग बघून कोपऱ्यावरूनच परत फिरलेले. त्यांचाही अनुभव या दुकानाचाच, पण त्यांनी बेगल खाल्लाच नाही, म्हणून ते तुमच्या डेटात येण्याची शक्यता फार कमी. अर्धा तास थांबणारा माणूस आधीपासूनच त्या बेगलचा चाहता असण्याची शक्यता जास्त. मग "थांबणं सार्थकी लागलं" असं वाचून रांगेचा त्रास होत नाही असा निष्कर्ष काढला, तर चुकलात. ज्यांना त्रास झाला, त्यांतले बरेच आधीच गेले.

बरं, रांग म्हणजे नुसती मिनिटंही नव्हेत. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ च्या लेखात मांडलं, की रिकामं थांबणं गुंतलेल्या थांबण्यापेक्षा लांब वाटतं, किती वेळ लागणार ते माहीत नसेल तर आणखी लांब, आणि मागचा पुढे घुसला तर असह्य. बहीण म्हणाली तेही असंच, "रांग मोठी असते गं, पण सरकत असते." एकाच दिवशी एकाच रांगेत दोघं तेवढाच वेळ उभे राहिले, तरी दोघांचा अनुभव वेगळा असू शकतो. घड्याळ आणि अनुभव हे दोन वेगळे चल आहेत, एकच समजून मोजू नका.

तिसरी गोष्ट : "माणसं उद्धट, पण बेगल एक नंबर"

हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मला इतक्यांदा दिसलं, की मी गृहीतकच लिहून टाकलं : जिथे सेवा वाईट, तिथे पदार्थ चांगला. (पुण्यात वाढल्यामुळे ते मला लगेच पटलंही!)

आता विचार करा. समजा चव आणि वागणूक यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. दुकानं चार प्रकारची असतील : दोन्ही चांगलं, नुसती चव चांगली, नुसती वागणूक चांगली, आणि दोन्ही वाईट. यातलं चौथं दुकान टिकेल का? नाही, बंद पडेल. म्हणजे तुम्ही फक्त चालणारी, गर्दीची दुकानं घेतलीत की 'दोन्ही वाईट' हा कप्पा रिकामा होतो. उरलेल्यांत बघितलं, तर जिथे वागणूक वाईट तिथे चव चांगलीच दिसते. संबंध नव्हता, तो आपल्या निवडीने तयार केला.

याला बर्कसनचा बायस म्हणतात. जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये तो रुग्णालयातल्या रुग्णांच्या उदाहरणावरून मांडला. तुमच्या शीर्षकात 'लोकप्रिय', 'यशस्वी', 'गाजलेले' असा शब्द असेल, तर तिथे लाल खूण करून ठेवा.

चौथी गोष्ट : जागा माहीत नसेल तर वाक्य कळत नाही

काही रिव्ह्यूंत तक्रार होती की बिल जास्त लावलं. मी त्यांना 'फसवणूक' असं लेबल लावलं. नंतर कळलं, न्यूयॉर्कमध्ये नुसता अख्खा बेगल घरी नेला तर विक्रीकर नाही. तोच कापून, क्रीम चीज लावून दिला की तयार पदार्थ ठरतो आणि कर लागतो. तसंच "टोस्ट करून देत नाहीत" ही तक्रार मी 'वाईट सेवा' या खान्यात टाकली होती. पण ताजा, गरम बेगल टोस्ट करू नये असं काही जुन्या वळणाची दुकानं ठामपणे मानतात. तो आळस नाही, तत्त्व आहे. पुण्यात बसून लेबल लावताना मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि संगणकाला तर मी सांगेन तेवढंच माहीत.

मग रिव्ह्यू टाकाऊ आहेत का?

अजिबात नाही. फक्त त्यांना झेपेल तोच प्रश्न विचारायचा. मायकेल लुका यांचं काम बघा. रेटिंग वाढल्यावर धंदा वाढतो, की चांगल्या दुकानाचं दोन्ही वाढतं? त्यांनी सिएटलच्या रेस्टॉरंटांचे महसुलाचे सरकारी आकडे घेतले आणि येल्पची एक सवय हेरली : ही साइट सरासरी जवळच्या अर्ध्या स्टारला नेऊन दाखवत असे. ३.२४ असेल तर ३ दिसणार, ३.२५ असेल तर ३.५. दोन्ही दुकानं प्रत्यक्षात सारखीच, दिसणारे स्टार मात्र वेगळे. अशा तुलनेतून त्यांनी दाखवलं, की एक स्टार वाढला तर महसूल ५ ते ९ टक्के वाढतो, आणि हा परिणाम साखळी रेस्टॉरंटांत नाही, स्वतंत्र दुकानांत दिसतो. "ग्राहक खूश आहेत का?" हे त्यांनी विचारलंच नाही. स्टार दिसल्यावर काय होतं, एवढंच विचारलं. प्रश्न लहान होता, म्हणून उत्तर पक्कं आलं.

आराखडा लिहिताना एवढं करा :

१. पहिल्या पानावर लिहा : माझ्या डेटात कोण येऊच शकत नाही? निदान तीन प्रकारची माणसं सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

२. शीर्षकातला 'ग्राहकांचा अनुभव' खोडून 'रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी काय लिहिलं' असं करून बघा. प्रश्न तरीही महत्त्वाचा वाटतो का? वाटत असेल तर चांगलं. नसेल तर डेटा बदला.

३. लेबल लावण्याआधी त्या जागी रोज जाणाऱ्या एका माणसाशी बोला. आणि साइटच्या अटी वाचा. दिसतं म्हणजे उतरवून घ्यायची परवानगी आहे असं नाही.

माझं काय झालं? आरआरसीची ती तारीख गेली, सहा महिने गेले, आणि तेव्हा मी रडलेही. आता माझा विषय आहे रिव्ह्यूंमधली न दिसणारी माणसं आणि त्यांचा अंदाज कसा बांधायचा. म्हणजे माझा आराखडा ज्या खड्ड्यात पडला, तोच खड्डा मी मोजतेय.

बहिणीला हे सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "मग मी आता लिहू का एक रिव्ह्यू?" मी म्हटलं, नको गं. तू लिहिलास, तर माझा न लिहिणारा एकुलता एक ओळखीचा माणूसही जाईल!