विश्लेषण : मक्यातील खोडकिडा रोखणारी इवलीशी गांधीलमाशी! ट्रायकोकार्ड कसे काम करते?

मक्याचा पोंगा वाळलेला दिसला की शेतकरी पाठीवर पंप घेतो. पण तोवर अळी खोडात शिरलेली असते आणि औषध बाहेरच राहते. या किडीला अंड्यातच गाठण्यासाठी ट्रायकोकार्ड वापरले जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही त्याची निर्मिती होते. मात्र त्याचा उपयोग वेळ साधली तरच होतो.

खोडकिड्यावर फवारणी का फसते?

खोडकिड्याची मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखी, एकमेकांवर टेकलेली अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि आधी पोंग्यातील कोवळी पाने खातात. पान उलगडले की त्यावर ओळीने छिद्रे दिसतात. त्यानंतर अळी खोडात शिरून आतला गर पोखरते आणि पोंगा वाळतो. म्हणजेच कीड उघड्यावर असते ती मोजके दिवसच.

ट्रायकोकार्ड म्हणजे काय?

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची गांधीलमाशी. ती माणसाला चावत नाही. किडीच्या अंड्यात ती स्वतःचे अंडे घालते. तिची अळी आतला गर खाऊन वाढते आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यातून खोडकिड्याच्या अळीऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर येते.

प्रयोगशाळेत त्यासाठी तांदळावरील पतंगाची अंडी वापरतात. हे पतंग भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर वाढवले जातात. अतिनील किरणांनी अंड्यांतील जीव निष्क्रिय करून ती कार्डावर चिकटवतात आणि ट्रायकोग्रामासमोर ठेवतात. गांधीलमाशीने ताबा घेतलेली अंडी तीन-चार दिवसांत काळी पडतात. एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी असतात.

कधी आणि किती लावायचे?

उगवणीनंतर साधारण दहाव्या दिवशी पहिले कार्ड आणि आठवड्याने दुसरे. एकरी दोन ते तीन कार्डे लागतात. माशी स्वतःहून काही मीटरच फिरते, म्हणून कार्ड एका जागी लावून चालत नाही. त्याच्या पट्ट्या कापून शेतभर पानांच्या खालच्या बाजूला टाचाव्या लागतात. एकरात 20 पट्ट्या लावल्या तर सुमारे 200 चौरस मीटरला एक, म्हणजे दर 14 मीटरवर एक पट्टी येते. पट्ट्या सकाळी किंवा सायंकाळी लावाव्यात, कारण दुपारच्या उन्हात माशा मरतात. त्याआधी आणि नंतर किमान आठवडाभर रासायनिक फवारणी टाळावी.

अळी खोडात गेली असेल तर?

तिथे ट्रायकोग्रामाचे काम संपते. कोटेशिया ही दुसरी गांधीलमाशी मात्र अळीने पाडलेल्या बोगद्यात शिरून तिच्या शरीरात अंडी घालते. खोडकिडा मूळचा आशियातला; 1930च्या सुमारास तो आफ्रिकेत पोहोचला. 1993 मध्ये पाकिस्तानातून नेलेली कोटेशिया केनियात सोडण्यात आली. ती तिथे रुजली आणि खोडकिड्याचे प्रमाण घटले. आपल्याकडे ही माशी निसर्गतःच शेतात आढळते. सरसकट फवारणीत तीही मरते.

अडचण कुठे आहे?

भारतात 2018 मध्ये शिरलेली अमेरिकन लष्करी अळीही मक्याचा पोंगाच खाते. तिच्या अंड्यांच्या थरांवर केसांचे आवरण असल्याने ट्रायकोग्रामाचा जोर तिथे कमी पडतो. ते आवरण भेदणारी टेलेनोमस ही माशी वेगळी. लष्करी अळीसाठी पोंग्यात औषध टाकले की कार्डातून निघालेल्या माशाही मरतात. त्यामुळे आधी कीड ओळखणे आणि दोन्ही उपायांत अंतर ठेवणे गरजेचे ठरते. शेजारच्या शेतातील फवारणीही वाऱ्याने उडून येते, म्हणून कार्डे गावात एकत्रितपणे लावणे अधिक फायद्याचे.

शिवाय कार्ड म्हणजे जिवंत माल. वाहतुकीत तापले किंवा लावायला उशीर झाला की माशा वाटेतच बाहेर पडतात. पेरणीची तारीख ठरताच मागणी नोंदवली, तर कार्डे वेळेवर हाती येऊ शकतात.

वऱ्हाडासाठी हे महत्त्वाचे का?

2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात औषधाचे तुषार थेट तोंडावर येतात. मकाही तसाच उंच वाढतो. त्याचे कणीस घरात खाल्ले जाते आणि हिरवा चारा जनावरांपुढे पडतो. मेळघाटात तर मका हे रोजच्या भाकरीचे पीक आहे. ट्रायकोकार्डने प्रत्येक फवारणी टळेलच असे नाही, पण टळलेली एक फवारणीही पंप पाठीवर घेणाऱ्यासाठी मोठी आहे. त्यासाठी पोंगा वाळण्याची वाट न पाहता, पीक वीतभर असतानाच पानाची खालची बाजू तपासायला हवी.